उपवासकाळ आणि ईस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी काय सुरू झालं, लेंट की ईस्टर?

ईस्टर. येशूच्या पुनरुत्थानाचा सण तो ईस्टर, आणि त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तो लेंट. कॅलेंडरात लेंट आधी येतो, म्हणून बहुतेकांचा समज उलटा होतो. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांकडे ईस्टर होता, पण चाळीस दिवसांचा उपवास नव्हता. सणाच्या आदल्या रात्री जागरण आणि त्याआधी एखाद-दोन दिवस उपास, एवढाच त्यांचा विधी. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचे बिशप इरेनियस यांनी रोमला पत्र पाठवलं, त्यात ते लिहितात की कोणी एक दिवस उपास करतं, कोणी दोन, कोणी त्याहून जास्त आणि कोणी चाळीस तास. म्हणजे 'चाळीस' हा आकडा आपल्याला आधी तासांच्या हिशेबात भेटतो.

घर आधी उभं राहिलं, ओसरी नंतर काढली, असं लेंटचं आहे. खालची बरीच उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

मग ईस्टरचा उगम कशात आहे?

यहूदी लोकांच्या वल्हांडण सणात. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाली त्याची आठवण म्हणून निसान महिन्याच्या १४ तारखेला कोकरू कापायचं आणि रात्री बेखमीर भाकरीबरोबर खायचं, असा तो सण. येशूला वधस्तंभावर खिळलं ते याच सणाच्या दिवसांत, यावर चारही शुभवर्तमानांचं एकमत आहे. नेमक्या दिवसाबद्दल मात्र फरक पडतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन होतं. योहानाच्या मांडणीत ते भोजन अजून व्हायचं आहे, आणि येशूचा मृत्यू कोकरं कापली जात त्याच दिवशी होतो.

पौलाने करिंथकरांना पहिलं पत्र लिहिलं ते इसवी सन ५० ते ६० या दशकात. त्यात तो 'ख्रिस्त, आपलं वल्हांडणाचं कोकरू' असं सहज म्हणून जातो, फोड करून सांगत नाही. वाचणाऱ्यांना ते ठाऊक होतं, असाच त्याचा अर्थ. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादी आहे. पुनरुत्थानाविषयी आपल्या हाती असलेला हा सर्वांत जुना लिखित मजकूर.

बहुतेक भाषांमध्ये सणाचं नावसुद्धा वल्हांडणाचंच आहे. हिब्रू 'पेसाख'पासून ग्रीक 'पास्खा' झालं आणि त्यातून इटालियन 'पास्क्वा', स्पॅनिश 'पास्कुआ', फ्रेंच 'पाक' अशी रूपं निघाली.

तारीख दर वर्षी का बदलते?

कारण हा सण चंद्रावर चालतो आणि वारही सोडत नाही. मराठीत सांगायचं तर भांडण होतं तिथीचं आणि वाराचं.

आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, ख्रिस्ती मंडळ्या तिथी धरत. निसानची चौदावी तिथी कोणत्याही वारी येवो, त्या दिवशी पास्खा. रोम आणि इतर बऱ्याच ठिकाणी वार धरत, कारण पुनरुत्थान रविवारी झालं, म्हणून सण रविवारीच. साधारण इसवी सन १५५ च्या सुमारास स्मर्नाचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी या विषयावर बोलले. दोघांपैकी एकही हटला नाही. तरी अनिसेटसनी पाहुण्याला मान देऊन आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवायला दिला आणि दोघं सलोख्याने निघाले. पुढची पिढी एवढी समजूतदार नव्हती. १९० च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर तिथीवाल्यांना बहिष्कृत करायला निघाले, तेव्हा इरेनियस मध्ये पडले. वर उल्लेख केलेलं पत्र याच भांडणातलं. उपास कसा करायचा यावरही आपलं एकमत नाही, तरी आपण एकत्र नांदतोच ना, असं त्यांचं म्हणणं.

३२५ साली नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं की सगळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा आणि त्यासाठी यहूदी कॅलेंडरावर विसंबायचं नाही. आज सांगितलं जाणारं सूत्र परिषदेने जसंच्या तसं लिहून दिलं, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं, ते खरं नाही. सूत्र पुढे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या गणितातून रूढ झालं. २१ मार्च हा वसंतसंपाताचा, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस मानायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. त्यामुळे पाश्चात्त्य ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांतच पडतो. २२ मार्चला तो शेवटचा १८१८ मध्ये आला होता, आता २२८५ मध्ये येईल. २५ एप्रिलचा ईस्टर १९४३ मध्ये झाला, पुढचा २०३८ मध्ये.

इथे एक मेख आहे. ही 'पौर्णिमा' आकाशातली नसते, तक्त्यातली असते. १९ वर्षांनी चंद्राच्या कला जवळपास त्याच तारखांना परत येतात, या चक्रावर तो तक्ता बेतलेला आहे. २०१९ मध्ये वसंतसंपात २० मार्चला झाला आणि जागतिक वेळेनुसार त्यानंतर काही तासांतच, २१ मार्चला, खरी पौर्णिमा आली. आकाश पाहून ठरवलं असतं तर ईस्टर २४ मार्चला झाला असता. पण तक्त्यातली पौर्णिमा २० मार्चला होती, म्हणजे एका दिवसाने हुकली. मग पुढची धरावी लागली आणि सण थेट २१ एप्रिलला गेला.

जाता जाता: ५२५ साली डायोनिसियस एक्झिग्यूअस नावाच्या संन्याशाने ईस्टरच्या तारखांचा तक्ता तयार केला, तेव्हा वर्षं मोजायला त्याने येशूच्या जन्मापासूनची गणना वापरली. आपण आज लिहितो ते 'इसवी सन' त्या तक्त्यातून आलं.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वेगळ्या दिवशी ईस्टर का करतात?

सूत्र तेच आहे, कॅलेंडर वेगळं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडर सुधारलं आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी ईस्टरसाठी जुनं ज्युलियन गणितच ठेवलं. त्यांचा २१ मार्च सध्या आपल्या ३ एप्रिलला पडतो, आणि त्यांच्या तक्त्यातली पौर्णिमाही खऱ्या चंद्राच्या काही दिवस मागे पडली आहे. कधी दोन्ही सण एकत्र येतात, जसे २०२५ मध्ये २० एप्रिलला आले. कधी पाच आठवड्यांचं अंतर पडतं: २०२४ मध्ये एक ३१ मार्चला होता, दुसरा ५ मेला. फिनलंडची ऑर्थोडॉक्स मंडळी मात्र पाश्चात्त्य तारीख पाळते. १९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत झालेल्या बैठकीत प्रस्ताव आला की तक्ते बाजूला ठेवावेत आणि यरुशलेमच्या रेखांशावरून खऱ्या खगोलीय पौर्णिमेने तारीख काढावी. तो अजून कागदावरच आहे.

उपवास चाळीसच दिवसांचा का?

बायबलमध्ये चाळीस हा तयारीचा आकडा आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, एलिया चाळीस दिवस चालत होरेबला पोचला आणि येशूने रानात चाळीस दिवस उपास केला. लेंटला लावला जाणारा आधार हा शेवटचा.

पण आकड्याला आधार सापडणं वेगळं आणि प्रथा पडणं वेगळं. प्रथेचं एक मोठं मूळ बाप्तिस्म्यात आहे. 'डिडाखे' या अगदी सुरुवातीच्या काळातल्या पुस्तिकेत सांगितलंय की बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा, देणाऱ्यानेही करावा आणि 'इतर ज्यांना जमेल त्यांनीही' करावा. हे शेवटचे चार शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. पुढे ईस्टरची रात्र हीच बाप्तिस्म्याची मुख्य वेळ ठरली. उमेदवारांची शिकवणी आणि उपास लांबत गेला आणि ज्यांचा बाप्तिस्मा केव्हाच होऊन गेला होता, तेही सोबतीला उपास करू लागले.

नायसियाच्या पाचव्या नियमात 'तेस्साराकोस्ते' असा शब्द येतो, शब्दशः 'चाळिशी'. तोही ओझरता, बिशपांची एक सभा चाळिशीच्या आधी घ्यावी एवढंच सांगताना. चाळीस दिवसांच्या काळाचा हा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक. तरी लगेच सगळीकडे एकसारखं झालं नाही. ३४० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेसियस रोमहून इजिप्तला कळवतात की चाळीस दिवसांचा उपास नीट जाहीर करा, सगळं जग उपास करत असताना आपण इजिप्तवालेच हसू करून घ्यायला नको.

पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, त्याच्याच नावाचा दुसरा) तर चक्रावूनच गेला होता. कुठे तीन आठवडे उपास, कुठे सहा, कुठे आणखी काही, आणि सगळे त्याला म्हणतात 'चाळीस दिवस'!

लेंटचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार. तिथपासून मोजले तर ४६ दिवस भरतात. हिशेब कसा लावायचा?

मधले सहा रविवार वगळा. प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टर मानतात, त्या दिवशी उपास नाही. ४६ वजा ६ म्हणजे ४०.

पूर्वी रोममध्ये लेंट रविवारी सुरू होई. सहा आठवड्यांचे सहा-सहा दिवस धरून उपासाचे ३६ दिवस होत. पोप ग्रेगरी पहिले यांनी सहाव्या शतकाच्या शेवटी त्याचाही छान अर्थ लावला: वर्षाच्या दिवसांचा दहावा हिस्सा देवाला दिला. पण चाळीस ते चाळीस. कमी पडणारे चार दिवस पुढे जोडले गेले आणि सुरुवात बुधवारवर आली. मिलानच्या अँब्रोसियन परंपरेने हे चार दिवस घेतलेच नाहीत, तिथे आजही लेंट रविवारीच सुरू होतो.

पूर्वेकडे मोजणी निराळी आहे. तिथे लेंट सोमवारी सुरू होतो आणि रविवार धरून सलग चाळीस दिवस मोजतात. पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या लगेच आधीचा आठवडा, त्याच्या बाहेर, स्वतंत्र. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचा उपास सर्वांत लांब म्हणावा असा, ५५ दिवसांचा.

राख कशाची असते?

आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जपून ठेवतात, त्या जाळून ही राख करतात. कपाळावर क्रूस काढताना किंवा डोक्यावर चिमूटभर टाकताना धर्मगुरू म्हणतात, 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील'. हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं वाक्य. त्याऐवजी 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा' असंही म्हणतात. सुरुवातीला राख फक्त जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांसाठी होती. ती सर्वांनी घ्यावी असं १०९१ मध्ये बेनेव्हेंतोच्या परिषदेत ठरलं.

गंमत अशी की कॅथलिक मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) त्या दिवशी वाचायचा उतारा मत्तयच्या सहाव्या अध्यायातला असतो: उपास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. तो ऐकायचा आणि कपाळावर राख घेऊन रस्त्यावर यायचं.

उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही?

कोणत्या शतकात, कोणत्या मंडळीत, यावर उत्तर अवलंबून आहे. तोच सॉक्रेटिस लिहितो की काही जण जीव असलेलं काहीच खात नाहीत, काही फक्त मासे खातात. काही माशांबरोबर पक्षीही खातात, कारण उत्पत्तीच्या वर्णनाप्रमाणे पक्षी पाण्यातूनच निघाले. काही कोरड्या भाकरीवर राहतात, काहींना तेवढीही नको.

मध्ययुगीन पश्चिमेत ढोबळ नियम असा होता: दिवसातून एकदा, संध्याकाळी जेवायचं, आणि मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य. उत्तरेकडे तेल कुठून आणायचं? मग पैसे भरून लोण्याची सूट घेता येई. फ्रान्समधल्या रुआंच्या कॅथीड्रलचा एक मनोरा त्या पैशांवरून आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. हळूहळू संध्याकाळचं जेवण दुपारवर सरकलं आणि रात्रीसाठी हलका फराळ मान्य झाला. माणसाने नियमातून वाट काढायची आणि नियमाने ती पुढे कायदेशीर करून द्यायची, हा इतिहास मोठा मजेदार आहे.

आजच्या कॅथलिक नियमात कडक उपास दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. वयाच्या १८ पासून ५९ पूर्ण होईपर्यंत तो लागू असतो. एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं. लेंटच्या शुक्रवारी मांस नाही, हे १४ वर्षांपासून. ऑर्थोडॉक्स नियम अजून जुन्या वळणाचा आहे: पूर्ण काळ मांस, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थ बंद, मासे एखाद-दुसऱ्या सणाला, आणि बऱ्याच दिवशी तेल व द्राक्षारसही नाही. 'लेंटला चॉकलेट सोडलं' ही पद्धत अगदी अलीकडची. प्रार्थना आणि दानधर्म हे उपासाचे जुने जोडीदार आहेत, ते बाजूला ठेवून नुसतं पथ्य केलं तर त्याला लेंट म्हणायला मन धजावत नाही.

सगळे ख्रिस्ती लेंट पाळतात का?

नाही. १५२२ मध्ये झुरिकचे मुद्रक क्रिस्टोफ फ्रोशाउअर यांच्या घरी लेंट चालू असताना सॉसेज खाल्ले गेले. छापखान्यात काम जोरात होतं, माणसं दमली होती, अशी त्यांची सबब. धर्मसुधारक उलरिख झ्विंग्ली तिथे हजर होते. त्यांनी स्वतः तुकडा तोंडात टाकला नाही, पण नंतर प्रवचनात खाणाऱ्यांची बाजू घेतली: बायबल सांगत नाही ते माणसांनी सक्तीचं करू नये. स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा या सॉसेजपासून मोजतात. इंग्लंडमध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, पार्लमेंटने १६४७ मध्ये ईस्टरचा सणच रद्द केला होता. लुथरन आणि अँग्लिकन मंडळ्यांनी मात्र लेंट ठेवला, सक्ती सैल केली.

'लेंट' आणि 'ईस्टर' या शब्दांचा अर्थ काय? ईस्टर मूळचा मूर्तिपूजकांचा सण आहे का?

'लेंट' जुन्या इंग्रजीतल्या वसंत ऋतूच्या नावावरून आला. दिवस लांबतात त्यावरून ते नाव. धर्माशी त्याचा संबंध नाही. लॅटिनमधून आलेल्या भाषांत सरळ 'चाळिसावा' अशा अर्थाचा शब्द आहे.

'ईस्टर'बद्दल ७२५ साली बीड या इंग्रज संन्याशाने लिहिलं की जुने इंग्रज एका महिन्याला एओस्त्रे देवीच्या नावाने ओळखत आणि सण त्या महिन्यात येई, म्हणून ते नाव सणाला चिकटलं. देवीबद्दल त्याने एवढंच सांगितलं. ससा नाही, अंडी नाहीत, कसली कथा नाही. बाकीचं सगळं नंतरच्या लोकांनी रचलं. बॅबिलोनच्या इश्तार देवीशी जोडलेलं नातं तर निव्वळ उच्चारसाम्य. नाव इंग्रजी आणि जर्मनपुरतं, तर सण त्याच्या कित्येक शतकं आधी ग्रीक आणि सीरियाक बोलणाऱ्यांत 'पास्खा' म्हणून चालू होता. नावावरून कूळ काढायला गेलं की असं फसायला होतं.

पवित्र आठवड्याचे विधी कुठून आले?

मुख्यतः यरुशलेमहून, आणि ते कळतं एका बाईमुळे. एजेरिया नावाची यात्रेकरू ३८१ ते ३८४ च्या सुमारास पश्चिम युरोपातून तिथे गेली आणि मागे राहिलेल्या भगिनींसाठी तिने जे पाहिलं ते लिहिलं. तिच्या हस्तलिखिताचा राहिलेला भाग १८८४ मध्ये इटलीतल्या आरेझो इथे सापडला.

झावळ्यांच्या रविवारी जैतुनांच्या डोंगरावरून लोक खाली उतरतात. हातात खजुराच्या आणि जैतुनाच्या डहाळ्या, चालता न येणारी पोरं आईबापांच्या खांद्यावर. शुक्रवारचं तिचं वर्णन तर डोळ्यांसमोर उभं राहतं. पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर पेटीतून काढलेलं क्रूसाचं लाकूड. बिशप बसल्या बसल्या त्याची दोन्ही टोकं घट्ट धरून आहेत, भोवती डीकन (धर्मगुरूंच्या हाताखालचे सेवक) पहाऱ्याला उभे. एकेक माणूस येतो, वाकतो, कपाळ टेकवतो, मग डोळे, मग ओठ, आणि पुढे जातो. हात कोणी लावायचा नाही. एवढा पहारा कशाला? तर कोणीतरी चुंबन घ्यायच्या निमित्ताने दातांनी तुकडा तोडून पळवला होता म्हणे!

यात्रेकरू घरी परतले आणि आपल्या गावात तेच करू लागले. क्रूसाच्या वाटेचं, म्हणजे येशूच्या वधस्तंभाकडच्या प्रवासातल्या एकेका टप्प्यावर थांबून प्रार्थना करण्याचं, हेही असंच झालं. फ्रान्सिस्कन संन्याशांनी ती युरोपभर नेली आणि १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी तिची १४ स्थानकं पक्की केली.

गुरुवारी पाय धुण्याचा विधी योहानाच्या तेराव्या अध्यायातून येतो. 'मी तुम्हाला नवी आज्ञा देतो' या वाक्यातल्या आज्ञेवरून (लॅटिन 'मान्दातुम') त्या गुरुवारचं इंग्रजी नाव 'मॉन्डी थर्सडे' पडलं. स्त्रियांचे पाय धुवायला कॅथलिक विधीत २०१६ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली.

मृत्यूच्या दिवसाला 'गुड' फ्रायडे का म्हणतात?

जुन्या इंग्रजी वापरात 'गुड'चा एक अर्थ 'पवित्र' असा होता, तो इथे टिकून राहिला. जर्मनमध्ये शोकाचा शुक्रवार म्हणतात, ऑर्थोडॉक्स मोठा शुक्रवार म्हणतात. या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. वेदी उघडी असते, घंटा वाजत नाहीत आणि प्रसाद आदल्या दिवशी ठेवलेलाच देतात.

ईस्टरच्या रात्री काय होतं?

चर्चमध्ये पूर्ण अंधार. बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात, आणि पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचतात. ती मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या लहान मेणबत्त्या एकीवरून दुसरी अशा पेटत जातात. मग डीकन एक प्राचीन स्तोत्र गातो. 'हीच ती रात्र' असं ते पुन्हा पुन्हा म्हणतं आणि मध्येच मेणबत्तीचं मेण बनवणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढतं.

कित्येक शतकं हा विधी कॅथलिक चर्चमध्ये सरकत सरकत शनिवारी सकाळवर आला होता. खिडक्यांतून लख्ख ऊन येतंय आणि डीकन गातोय 'हीच ती रात्र'! १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी तो परत रात्री करायची मुभा दिली आणि १९५५ च्या सुधारणेत ते कायम झालं.

अंडी आणि ससा यांचा येशूशी काय संबंध?

अंड्यांचा संबंध आधी कोंबड्यांशी आहे. उपास माणसांना होता, कोंबड्यांना नव्हता. चाळीस दिवस अंडी साठत गेली आणि सण उजाडला की ती संपवायची. रिकाम्या कबरीचं प्रतीक हा अर्थ त्यावर चढला. पूर्वेकडे अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या घरखर्चात ४५० अंडी रंगवायला आणि सोन्याच्या वर्खाने मढवायला १८ पेन्स लागल्याची नोंद आहे. सशाने अंडी आणून लपवण्याची गोष्ट जर्मन भाषक प्रदेशातली. १६८२ मध्ये एका जर्मन वैद्याने तिची नोंद केली, तीही लहान मुलांना सांगायची भाकडकथा म्हणून.

ईस्टर एका दिवसात संपतो का?

तो पन्नास दिवस चालतो, पेन्टेकॉस्ट या सणापर्यंत. उपासापेक्षा आनंदाचे दिवस जास्त आहेत, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नायसियाच्या शेवटच्या, विसाव्या नियमात तर या पन्नास दिवसांत गुडघे टेकायलाही मनाई आहे, प्रार्थना उभ्यानेच करायची. लेंटमध्ये बंद असलेलं 'आलेलूया' पुन्हा सुरू होतं आणि त्या रात्रीची मेणबत्ती वेदीजवळ राहते. पेन्टेकॉस्टनंतर ती बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेऊन ठेवतात. पुढे वर्षभर बाळाचा बाप्तिस्मा असला की तिच्यावरून त्याची मेणबत्ती लावतात, आणि कोणाचा अंत्यविधी असला की तीच शवपेटीशेजारी आणून पेटवतात.